मुंबईत जुना ट्रंपेट ऑनलाइन शोधताना

ओएलएक्सवर किंवा फेसबुक मार्केटप्लेसवर ‘ट्रंपेट’ लिहून मुंबई निवडली की समोर येतात दिवाणखान्यात ठेवायचे पितळी शोपीस, शाळेच्या बँडचे बिगुल, प्लास्टिकच्या पिपाण्या, एखादा सॅक्सोफोन, आणि या गर्दीत दोन-तीन खरे ट्रंपेट. त्यातला एखादाच घेण्यासारखा असतो, कधी तोही नसतो. तो एखादा ओळखता यावा आणि बाकीचे सोडून देता यावेत, म्हणून हे लिहितोय.

मी वयाच्या ३६ व्या वर्षी ट्रंपेट शिकायला घेतला. पहिला ट्रंपेट घाटकोपर स्टेशनबाहेर उभ्याउभ्या पाच मिनिटांत घेतला होता. आरशासारखा चकचकीत होता, पेटीला आतून लाल मखमल होती, मला आणखी काही बघावंसंच वाटलं नाही. पुढे तीन महिने रोज अर्धा तास फुंकत होतो आणि सूर काही धरत नव्हता. वाटायचं, ओठ कमजोर आहेत, छातीत दम नाही, वय झालं. शेवटी एकदा सरांनी तो हातात घेतला, एक स्लाइड, म्हणजे सरकवून बाहेर काढता येते ती वळणदार नळी, ओढून पाहिली आणि म्हणाले, “अहो, यात हवा राहतच नाही. तुम्ही फुंकणार कशात?” पिस्टन, म्हणजे सूर बदलायला बोटांनी दाबतात ते दट्टे, दुसऱ्याच कुठल्या ट्रंपेटचे होते, ढिले, आणि वरून सगळ्याला पॉलिश मारलेलं.

शिकाऊ माणसाला वाद्याची खोट आणि स्वतःची खोट वेगळी ओळखता येत नाही. मुरलेला वादक दोन फुंकरीत सांगतो की हे वाद्य गळतंय. नवा माणूस मात्र स्वतःलाच दोष देतो आणि चार महिन्यांत शिकणं सोडून देतो. म्हणून पहिलं वाद्य साधं असलं तरी चालेल, पण ते निरोगी हवं.

आधी काय हवंय ते ठरवा

तुम्हाला हवाय बी फ्लॅट ट्रंपेट, तीन पिस्टनचा. शिकवणारे सर, सुरुवातीची पुस्तकं, बँड, चर्चचा वाद्यमेळ, सगळं त्याच्याच हिशोबाने चालतं. त्याची नळी उलगडून सरळ केली तर जवळजवळ दीड मीटर भरते. सी किंवा ई फ्लॅटचे ट्रंपेट याहून आखूड असतात. पुढे कधीतरी लागले तर लागतील, आत्ता नकोत.

कॉर्नेट दिसायला ट्रंपेटचा गुटगुटीत धाकटा भाऊ. बोटं तीच, सूर तेच, पण नळी जास्त वळवलेली आणि आवाज मऊ. विकणारे बरेचदा कॉर्नेटलाच ट्रंपेट म्हणतात, त्यात लबाडी असतेच असं नाही, फरक माहीत नसतो. कॉर्नेटवर शिकता येतं, पण माउथपीसची, म्हणजे ओठ लावून फुंकतात त्या सुट्या तुकड्याची, दांडी बारीक असते, म्हणजे ट्रंपेटचा माउथपीस त्याला बसत नाही. सरांना आधी विचारा. पॉकेट ट्रंपेट म्हणजे तेवढीच नळी जास्त घड्या घालून आवळलेली. ‘लहान मुलांसाठी’ म्हणून जाहिरात आली तरी मुलासाठी तो घेऊ नका.

शोपीस ओळखायला सोपं. त्याच्या स्लाइड जाम चिकटवलेल्या असतात, पिस्टनच्या टोप्या फिरत नाहीत, बटणं दाबली तर खाली जात नाहीत किंवा गेली तर वर येत नाहीत, आणि बनवणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. ‘अँटिक’ हा शब्द दिसला की मी तरी पुढे जातो.

जुन्या इंग्लिश वाद्यांबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. इंग्लंडच्या ब्रास बँडांमध्ये १९६० च्या दशकापर्यंत ‘हाय पिच’ चालायचा, म्हणजे ए हा सूर आजच्या ४४० हर्ट्झऐवजी साधारण ४५२ वर. त्या काळातलं हाय पिचचं वाद्य दिसायला कितीही देखणं असलं तरी आजच्या पियानोबरोबर किंवा कीबोर्डबरोबर जुळत नाही. मेन स्लाइड, म्हणजे सगळं वाद्य सुरात लावायची मोठी स्लाइड, बरीच बाहेर ओढून एक सूर लावला, तरी पिस्टन दाबले की बाकीचे सूर हलतात. चोरबाजारातून आलेलं जुनं इंग्लिश वाद्य असेल तर ट्यूनर, म्हणजे सूर मोजणारं मोबाइलचं अ‍ॅप, लावून पाहिल्याशिवाय पैसे काढू नका.

कोणत्या नावाच्या मागे जावं

नवशिक्यासाठी माझं पहिलं मत यामाहाला. वायटीआर-१३३५, २३२०, २३३०, २३३५ हे विद्यार्थ्यांचे मॉडेल. ते मुंबईत फिरत असतात, दहा-पंधरा वर्षं वापरलेले असले तरी नीट ठेवले असतील तर पिस्टन घट्ट असतात, आणि पुढे विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक मिळतं. तैवानचे ज्युपिटरही चांगले. बाखचा स्ट्रॅडिव्हेरियस १८०एस३७ हा व्यावसायिक वादकाचा ट्रंपेट. तो स्वस्तात दिसला तर आनंदाआधी शंका यायला हवी. विद्यार्थ्यांसाठी बाखचा टीआर-३०० वेगळा आहे. नुसतं ‘बाख’ वाचून दोन्ही एकच समजू नका.

अमेरिकन जुन्यांमध्ये कॉन, किंग, होल्टन, गेट्झन आणि ओल्ड्स. ओल्ड्स कंपनी १९७९ मध्ये बंद झाली, पण त्यांचा अँबॅसडर हा विद्यार्थी ट्रंपेट इतका दणकट होता की अजून लोक वाजवतात. असं काही मुंबईत कसं सापडतं? या शहरात ट्रंपेट वाजवणाऱ्या गोवेकरांची मोठी परंपरा आहे. धोबी तलावच्या आसपासच्या कुडींमध्ये, म्हणजे गोव्यातल्या गावागावांच्या सामायिक वसतिगृहांत, राहून हे वादक हॉटेलांच्या बँडमध्ये आणि हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचे. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले आंतोनियो झेवियर वाझ त्यांच्यातलेच, सी. रामचंद्रांच्या संगीतात त्यांचा ट्रंपेट वाजला. अशा घरांतल्या पलंगाखाली पडलेल्या पेट्या आता नातवंडं ऑनलाइन टाकतात. नाव न लिहिलेल्या, अंधारात काढलेल्या फोटोची जाहिरात म्हणून वगळू नका. आणखी फोटो मागवा.

मेरठचे ट्रंपेट हा वेगळा विषय. तिथल्या जली कोठी भागात बँडची वाद्यं बनतात आणि देशभरच्या लग्नाच्या बँडवाल्यांच्या हातात ती दिसतात. वरातीत, रस्त्यावर, तासन्‌तास मोठ्याने वाजवायचं काम ती करतात आणि त्या कामाबद्दल मला आदर आहे. पण बँडमधून निघालेला जुना ट्रंपेट शिकायला घेऊ नका. त्याने पाऊस, ऊन, टेम्पोतले धक्के सगळं सोसलेलं असतं. मेरठचाच घ्यायचा असेल तर नवा घ्या, आणि दुकानात सरांना बरोबर नेऊन तीन-चार वाजवून त्यातला एक निवडा, कारण नगापरत्वे फरक पडतो.

नाव कोरणं सोपं असतं, हेही सांगून ठेवतो. यामाहा किंवा बाख असं बेलवर, म्हणजे पुढच्या पसरट तोंडावर, लिहिलं म्हणजे ते खरंच असं नाही. सिरियल नंबर सहसा मधल्या पिस्टनच्या नळकांड्यावर असतो, मॉडेल नंबर त्याच्या आसपास किंवा पाइपवर. नंबरच नसेल, अक्षरं उथळ किंवा वाकडी असतील, तर खरा माल पाहिलेल्या कोणाला तरी फोटो दाखवा.

फोटो मागवणं

जाहिरातीतला फोटो नेहमी उजव्या बाजूने, पेटीत, चमकणारा. त्यावरून काहीच कळत नाही. मी विक्रेत्याला असा मेसेज करतो:

“नमस्कार दादा, ट्रंपेटची जाहिरात पाहिली. अजून आहे का? असेल तर जरा त्रास देतो, एवढे फोटो पाठवाल का: बेलच्या तोंडाचा समोरून, मधल्या पिस्टनवरच्या नंबरचा जवळून, तिन्ही पिस्टन बाहेर काढून टॉवेलवर ठेवलेले, डाव्या बाजूचा पूर्ण, आणि चारही स्लाइड थोड्या बाहेर ओढून एक. शेवटचा कधी वाजवला आणि कोण वाजवायचं तेही सांगा.”

मुंबईत हेच बरेचदा हिंदीतून लिहावं लागतं, पण मागायचं तेच. या एका मेसेजला आलेल्या उत्तरावरून बरंच कळतं. ज्याच्याकडे खरंच वाद्य आहे तो कुरकुरत का होईना, फोटो पाठवतो. ‘पिस्टन निघत नाहीत’ असं उत्तर आलं तर ती पहिली खरी माहिती. ‘इतने सवाल क्यों, लेना है तो लो’ असं आलं तर नमस्कार करून थांबा.

फोटोत एक गोष्ट जरूर बघा: कोरीव अक्षरांच्या कडा. ब्रासो लावून किंवा मशीनवर बफ मारून जुन्या ट्रंपेटला नव्यासारखी चमक आणता येते. पण बफ मारताना पितळही झिजतं. अक्षरं पुसट, जोडांच्या कडा गोल, आणि बाकी सगळं मात्र लखलखीत असेल तर पत्रा पातळ झालेला असू शकतो. त्यापेक्षा जागोजागी लॅकर, म्हणजे पितळावरचा पारदर्शक लेप, उडालेला, थोडा काळवंडलेला ट्रंपेट परवडला, त्याची अवस्था उघड दिसते तरी. घाटकोपरची चमक मी अजून विसरलेलो नाही.

किंमत

आकडे बदलत राहतात, त्यामुळे आकडा देत नाही, पद्धत सांगतो. त्याच मॉडेलची किंवा त्याच्या आजच्या आवृत्तीची नवी किंमत दुकानात फोन करून विचारा. धोबी तलावला फुर्ताडोज आहे, १८६५ पासूनचं दुकान, इतरही आहेत. सगळं नीट चालणाऱ्या जुन्या विद्यार्थी ट्रंपेटला मी नव्याच्या निम्म्यापर्यंत जातो. पेटी, चांगला माउथपीस आणि सहजपणे सरकणाऱ्या स्लाइड असतील तर थोडं वर. दुरुस्ती लागणार असेल तर आधी दुरुस्तीवाल्याला फोटो पाठवून अंदाज घ्या आणि तो वजा करून बोला. घासाघीस करा, पण कोणी वडिलांचं वाद्य विकत असेल तर त्याला खोट काढून काढून दाखवू नका. आपला आकडा सांगा, पटला तर ठीक.

आगाऊ पैसे नाहीत, म्हणजे नाहीत

फसवणुकीची एक ठरलेली गोष्ट आहे. विक्रेता सांगतो की तो लष्करात किंवा केंद्रीय दलात आहे, बदली झालीय, सामान विकून जायचंय. ओळखपत्राचा फोटो पाठवतो. किंमत फार कमी. भेटायला मात्र येत नाही, ‘कुरिअरने पाठवतो, आधी थोडे पैसे टाका’ म्हणतो. मग वाहतुकीचे वेगळे, गेटपासचे वेगळे. वाद्य कधीच येत नाही. त्या फोटोतला ट्रंपेट कुठल्यातरी परदेशी जाहिरातीतून उचललेला असतो. फोटो गूगल लेन्सवर टाकून शोधलात तर बरेचदा मूळ जागा सापडते.

तुम्ही विकत असाल तर उलट खेळ होतो: ‘पैसे पाठवतोय, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका.’ पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीही लागत नाही, पिन टाकला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून जाणार. फसलातच तर लगेच १९३० वर फोन करा. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. जितका लवकर फोन, तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त.

मुंबईत वाद्य असेल तर जाऊन बघायचं, हातात घेऊन, फुंकून, आणि मग तिथेच पैसे द्यायचे. पुण्याचं, नाशिकचं असेल तरी मी जातो. रविवारची एक फेरी तीन महिन्यांच्या मनस्तापापेक्षा स्वस्त पडते.

भेटायचं कुठे आणि कोणाला न्यायचं

दादर स्टेशनबाहेर भेटू नका. तिथे ना पिस्टन काढून ठेवायला जागा, ना फुंकायला. विक्रेत्याचं घर, सोसायटीचं ऑफिस, चर्चचा हॉल, सरांचा क्लास यातलं काहीतरी ठरवा. दिवसा, कोणालातरी सांगून जा.

वाजवणारं माणूस बरोबर असलं तर अर्धं काम झालं. शिकवणारे सर नसतील तर लग्नाच्या बँडमधल्या एखाद्या अनुभवी ट्रंपेटवाल्याला विचारा. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत चातुर्मासात लग्नं थांबलेली असतात, तेव्हा गणपतीचे दिवस सोडले तर त्यांना वेळ असतो. त्यांचा प्रवासखर्च आणि वेळेचे पैसे आधी ठरवून मानाने द्या. “दादा, जरा बघून देता का” एवढ्यावर कोणाचा अर्धा दिवस मागू नका. लागणाऱ्या वस्तू बरोबर न्या: स्वच्छ जुना टॉवेल, व्हॉल्व्ह ऑइलची (पिस्टनला घालायच्या तेलाची) बाटली, स्वतःचा माउथपीस असला तर तो, आणि मोबाइलमध्ये ट्यूनर.

हातात आल्यावर

इथे घाई नको. वीस मिनिटं लागतात, विक्रेत्याला आधीच सांगून ठेवा.

सुरुवात पिस्टनपासून. पहिला पिस्टन सरळ खाली दाबा आणि बोट झटकन उचला. तो तितक्याच झटकन वर यायला हवा. मग मुद्दाम बोट थोडं तिरकं ठेवून दाबा, कारण वाजवताना बोट कधी अगदी सरळ पडत नाही. अडकला तर तेल घाला, दहा-बारा वेळा दाबा, पुन्हा बघा. वर्षभर पडून राहिलेला पिस्टन तेलाने सुटला तर काळजी नाही. तेलानंतरही एकाच ठिकाणी अडकत असेल तर बाहेरून नळकांड्याला बोटाने चाचपा. तिथे पोचा असेल तर विषय संपला. बेलचा पोचा निघतो, पिस्टनच्या नळकांड्याचा पोचा काढणं हे फार नाजूक आणि महाग काम.

आता वरची टोपी फिरवून पिस्टन बाहेर काढा, एकावेळी एकच. टॉवेलवर ठेवा आणि उजेडात फिरवून बघा. प्रत्येक पिस्टनवर १, २, ३ असा आकडा असतो. तिघांवर वेगवेगळे आकडे आहेत ना, आणि तिघं एकाच घडणीचे दिसतात ना? माझ्या पहिल्या ट्रंपेटमध्ये दोन पिस्टनवर २ होता, आणि ते मला तीन महिने दिसलं नव्हतं. निकेलचा मुलामा असलेल्या पिस्टनवर पिवळं पितळ दिसायला लागलं असेल तर तो झिजलाय. मोनेल धातूचे पिस्टन मात्र मुळातच राखाडी असतात, त्यावर उभ्या ओरखड्यांच्या रेषा बघायच्या. पिस्टन परत ठेवताना आकडा सहसा माउथपीसच्या बाजूला येतो. हळूच फिरवलं की ‘टक’ असा आवाज येऊन तो जागेवर बसतो.

यावरून एक आठवण. माझगावला एका आंटींकडे गेलो होतो, भावाचा ट्रंपेट होता. त्यांनी आधीच सांगितलं, “बाबा, हा बिघडलाय, हवाच जात नाही.” खरंच, फुंकलं तर भिंतीवर फुंकल्यासारखं. पिस्टन काढून पाहिले तर कोणीतरी धुताना पहिला आणि तिसरा अदलाबदल करून बसवले होते. जागेवर ठेवले आणि पहिल्या फुंकरीत मोकळा, भरलेला जी निघाला. आंटी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि दारात उभ्या राहिल्या. त्यांनी बिघडलेला म्हणून कमी किंमत लावली होती. मी त्यांना सांगितलं की हा बिघडलेला नाही, आता किंमत पुन्हा ठरवा. त्यांनी ठरवली, मी दिली. तोच माझा आजचा ट्रंपेट.

पुढची परीक्षा वाजवता न येणाऱ्यालाही करता येते. पिस्टन न दाबता दुसरी स्लाइड, म्हणजे मधल्या पिस्टनची सगळ्यात छोटी, पूर्ण बाहेर ओढा. पिस्टन घट्ट असतील तर आत पोकळी तयार होते आणि स्लाइड निघताना बाटलीचं बूच उडाल्यासारखा ‘टॉप’ असा आवाज येतो. पहिली आणि तिसरी स्लाइडही अशीच बघा. आवाज आलाच नाही, स्लाइड मुकाट बाहेर आली, तर पिस्टन आणि नळकांडं यांच्यामधून हवा निसटतेय. एखाद्याच स्लाइडला आवाज नसेल आणि तीच हाताला ढिली लागत असेल तर दोष त्या स्लाइडचा असू शकतो, ग्रीस लावून पुन्हा करा. तिन्ही गप्प असतील तर तो ट्रंपेट सोडा. माझे सर त्या दिवशी हेच बघत होते.

मग मेन ट्यूनिंग स्लाइड. ती पूर्ण निघाली पाहिजे. निघाली की माउथपीस काढा आणि लीडपाइपमधून, म्हणजे माउथपीस बसतो त्या सरळ नळीतून, आरपार बघा. एका टोकाला मोबाइलचा टॉर्च, दुसऱ्या टोकाला डोळा. आत पितळ एकसारखं पिवळं आणि गुळगुळीत दिसलं तर उत्तम. हिरवट-काळपट थर असेल तर तो धुऊन निघतो. पण गुलाबी-लालसर डाग, खडबडीत, फोड आल्यासारखे दिसले तर तो रेड रॉट. थुंकीचा आणि दमट हवेचा ओलावा आत साचून राहतो, पितळातलं जस्त झिजून जातं आणि मागे ठिसूळ तांबं राहतं. बाहेरूनही लीडपाइपवर गुलाबी ठिपका आणि मधोमध गडद टिंब दिसलं तर तो आतून बाहेर आलाय असं समजा. लीडपाइप बदलता येतो, पण विद्यार्थी ट्रंपेटसाठी तो खर्च परवडत नाही. मुंबईच्या पावसाळ्यात पेटी बंद करून चार-चार महिने ठेवलेल्या वाद्यांमध्ये हे मला अनेकदा दिसलंय. मेन स्लाइड निघतच नसेल तर आत बघता येत नाही, शिवाय वर्षानुवर्षं धुतलेला नाही हेही कळतं. दुरुस्तीवाला उष्णता देऊन ती काढतो, पण आत काय निघेल हे कोणी सांगू शकत नाही. त्यामुळे तशी किंमत द्या, नाहीतर नको म्हणा.

तिसऱ्या स्लाइडला बोट अडकवायची रिंग असते. ती बोटाने सहज मागेपुढे व्हायला हवी, कारण १-३ आणि १-२-३ दाबून येणारे खालचे सूर मुळातच चढे असतात आणि वाजवताना ही स्लाइड ढकलून ते उतरवावे लागतात. नवशिके याकडे बघत नाहीत.

माउथपीस अडकलेला असेल तर पकडीने ओढू देऊ नका. लीडपाइप पिळला जातो. त्यासाठी पुलर नावाचं साधन असतं, दुरुस्तीवाल्याकडे दोन मिनिटांचं काम. मात्र माउथपीसवर आणि लीडपाइपच्या टोकावर पकडीच्या दातांचे वण दिसले तर जोडांचं सोल्डर नीट तपासा. माउथपीसच्या कडेवरचा चांदीचा मुलामा उडून पितळ उघडं पडलं असेल तर तो वापरू नका. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक कळकतं, ते आपण भांड्यात ठेवत नाही, मग ओठाला तरी का लावायचं? नवीन माउथपीस घ्या, सुरुवातीला ७सी किंवा ५सी आकाराचा. यामाहाबरोबर ११बी४ येतो, तोही चालतो.

आता वाजवून बघा, किंवा बरोबरच्या माणसाला वाजवू द्या. एकही पिस्टन न दाबता मधला जी घ्या, ट्यूनरवर एफ दिसेल. बी फ्लॅट ट्रंपेटचा लिहिलेला सूर प्रत्यक्षात एक स्वर खाली ऐकू येतो, त्यामुळे घाबरू नका. मेन स्लाइड साधारण एक-दीड सेंटीमीटर बाहेर असताना सूर जुळला तर वाद्य आजच्या ४४० चंच आहे. मग हळू, लांब, धीम्या आवाजात सूर धरायला सांगा. गळका ट्रंपेट मोठ्या आवाजात लपतो आणि हळू वाजवताना उघडा पडतो, सूर फाटतो, आत फुसफुस ऐकू येते. पाण्याच्या चावीचं, म्हणजे आत साचलेलं पाणी काढायच्या छोट्या झडपेचं, बूच कुजलं असेल तरीही असंच होतं, पण त्याचं बूच किरकोळ पैशांत बदलून मिळतं. चावीवर बोट दाबून धरून वाजवा. आवाज सुधारला तर दोष तिथलाच.

बेलवरचे लहान पोचे, उडालेलं लॅकर, पिस्टनच्या टोप्यांचे खराब झालेले फेल्ट (मऊ चकत्या), फाटकी पेटी यांच्यासाठी चांगला ट्रंपेट सोडू नका.

परदेशातून मागवायचा का

ईबे किंवा रिव्हर्बवर निवड खूप मोठी आहे आणि मोह होतो. पण जहाज-विमानाचं भाडं, कस्टम ड्युटी, वर आयजीएसटी आणि कुरिअरचं हाताळणी शुल्क धरलं की स्वस्त दिसणारा ट्रंपेट स्वस्त राहत नाही, आणि हातात न घेता घ्यावा लागतो. पहिल्या ट्रंपेटसाठी हा मार्ग मी कोणालाच सुचवत नाही. अमेरिकेतून कोणी घरचं येणार असेल आणि तिथे एखाद्या जाणकाराने वाजवून पाहिला असेल तर वेगळी गोष्ट, तरी कस्टमचे नियम आधी वाचा.

घरी आणल्यावर

पहिल्या संध्याकाळी वाजवायची घाई करू नका, आधी आंघोळ घाला. पिस्टन काढून क्रमाने टॉवेलवर ठेवा, त्यांचे फेल्ट पाण्यात बुडवू नका. सगळ्या स्लाइड काढा. मोठ्या टबात कोमट पाणी, त्यात भांड्याच्या लिक्विड साबणाचे थोडे थेंब. कडक गरम पाणी नको, लॅकर उतरतं. लांब स्प्रिंगसारखा ब्रश मिळतो, तो लीडपाइपमधून आणि स्लाइडमधून फिरवा. पहिलं पाणी काळं-हिरवं निघेल, पुन्हा धुवा. पिस्टन फक्त खालच्या धातूच्या भागाकडून हलक्या हाताने पुसा. सगळं पूर्ण वाळू द्या, पावसाळ्यात पंख्याखाली ठेवा. मग स्लाइडना ग्रीस, पिस्टनना चार-पाच थेंब तेल, आकडे बघून एकेक पिस्टन जागेवर.

शेजाऱ्यांशी एकदा बोलून घ्या. रात्री १० ते सकाळी ६ वाजवू नका, आवाजाच्या नियमांप्रमाणे ही शांततेची वेळ आहे. आमच्या गिरगावच्या चाळीत मी संध्याकाळी ६ ते ७ ठरवून घेतलीय, बाजूच्या काकूंची सीरियल ७ ला सुरू होते. दुपारी सराव करायचा असेल तर प्रॅक्टिस म्यूट, म्हणजे बेलमध्ये घालायचा आवाज दाबणारा डाट, घ्या, पण रोज थोडा वेळ तरी म्यूटशिवाय वाजवा, नाहीतर स्वतःचा खरा आवाज कानाला कळत नाही.

रोज वाजवून झालं की पाण्याची चावी उघडून आतलं पाणी फुंकून काढा, आणि पेटी लगेच बंद करू नका. अर्धा तास उघडी राहू द्या. आंटींच्या भावाचा ट्रंपेट इतकी वर्षं आतून पिवळाधमक राहिला होता, कारण ते रोज असंच करायचे, असं आंटींनी मला निघताना सांगितलं.